हात, तोंडं आणि फिगर ऑफ स्पीच

आम्हा आयटीवाल्यांचं अर्धं बोलणं फिगर ऑफ स्पीचमध्येच चालतं. डेटा ‘क्लाउड’वर असतो, कोडमध्ये ‘बग’ असतो, आणि सोमवारी सकाळी मॅनेजर विचारतो, "बँडविड्थ आहे का रे?" ‘डेडलाइन’ हा शब्द तर अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) तुरुंगांतून आलेला. कैद्याने ती रेषा ओलांडली की पहारेकरी सरळ गोळी घालायचे. हे कळल्यापासून प्रोजेक्ट प्लॅन मी जरा जपूनच वाचतो :)

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझा एक शाळासोबती. तो सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवतो. सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातला टेकलेलं टोक. पोरांच्या घरी कोकणा बोली (समुद्राकाठची कोकणी नव्हे, ही डोंगरातली), शाळेत मराठी, आणि तिच्यावर इंग्रजी. दहावीला कवितेच्या रसग्रहणात फिगर ऑफ स्पीच ओळखावी लागते. पोरांनी त्यावर तोडगा काढलाय: ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली. एकाने ‘आय लाइक मँगो’लाही सिमिली ठरवून टाकलं! आमच्याकडे याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात.

मित्राचं म्हणणं, दोष पोरांचा नाही, उदाहरणांचा आहे. ‘टिप ऑफ द आइसबर्ग’ शिकवायला आधी आइसबर्ग शिकवावा लागतो. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ ऐकून वर्ग हसला. पण मुसळधार म्हटलं की सगळ्यांना कळतं. इथला पाऊस जून ते सप्टेंबर झोडपून काढतो (आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यांवर हंडे घेऊन पायपीट!). शिवाय मुसळ पोरांनी घरात पाहिलेलं. पुण्यात माझ्या टीममधल्या किती जणांनी मुसळ पाहिलं असेल? मुसळधार मात्र सगळेच म्हणतो.

मग त्याने सिनेकडकी घेतली. म्हणजे भागाने पूर्ण वस्तू दाखवायची. पुस्तकातलं उदाहरण जहाजावरच्या ‘हँड्स’चं. वर्ग गप्प. त्याने विचारलं, "घरी कुणी म्हणतं का, हाताला काम नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घरात तोंडं सात आणि हात चार." सिनेकडकी पूर्ण झाली. इंग्रजीतही खायला घालायची ‘माउथ्स’च असतात आणि राबायला ‘हँड्स’च. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता गरिबाचे तेच दोन अवयव कसे निवडले, याचं मला अजून नवल वाटतं. (आमच्या ऑफिसात दर तिमाहीला ‘ऑल हँड्स’ मीटिंग असते. त्यात माणसांना ‘रिसोर्स’ म्हणतात. तिथे अवयवही उरत नाही.)

याच पोरांचे आईबाप, काका, आजे मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेले होते. वनजमिनीच्या हक्कासाठी सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर. इंग्रजीत ‘व्होटिंग विथ देअर फीट’ म्हणतात, म्हणजे न पटलेलं सोडून चालू लागणं. पोरांना तो अर्थ पटेना. "सर, ते सोडून नाही गेले, मागायला गेले." आणि पायांना आलेले फोड काही अलंकारिक नव्हते.

तर ती मागच्या बाकावरची मुलगी. डिसेंबरात तिचे आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेले, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला तिलाही नेलं. मित्राने दोन रविवार मोटरसायकलवर बागा पालथ्या घातल्या. तिसऱ्या रविवारी ती सापडली. वडील म्हणाले, "सर, दोन हात कमी होतील."

बराच वेळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की धाकटा भाऊही शाळेच्या वसतिगृहात राहील आणि तिची परीक्षा होईपर्यंत सगळ्यात लहान पोराला आजी बघेल. परवा फोनवर मित्र म्हणाला, ती आलीये, पण गणित फार मागे पडलंय. मला म्हणाला, "तुझ्याकडे शनिवारी बँडविड्थ आहे का?"

शनिवारचं नाशिकचं तिकीट काढलंय.