सिएनाच्या चौकात

सरकारी नोकराला गाव नसते. बदलीचे ठिकाण असते. बारा वर्षांच्या चाकरीत आमची तीन शहरे झाली आणि तिन्ही ठिकाणी भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा आम्ही दोनदा विचार केला. अशा आम्हांला गेल्या सप्टेंबरात शिल्लक रजा, शिल्लक पैसा आणि खात्याची रीतसर परवानगी ही तिन्ही एकदम लाभली व आम्ही सहकुटुंब इटलीतील सिएना नगरीत जाऊन पोहोचलो.

तेथील गल्ल्या अरुंद आणि उतरत्या. दोहों बाजूंच्या उंच भिंतींमधून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते. आणि एका कमानीखालून बाहेर पडावे तो समोर अवघा ‘काम्पो’ उघडतो. चौक म्हटला की सपाट जमीन व मध्ये पुतळा, अशी आमची समजूत. हा चौक शिंपल्यासारखा खोलगट. तांबड्या विटांच्या फरसबंदीचे पांढऱ्या दगडी रेघांनी नऊ भाग पाडले असून ते सगळे उतरत उतरत खाली नगरभवनाच्या पायथ्याशी मिळतात. पावसाचे पाणी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने पाहणाराची नजरही जाते. वरच्या कडेला उपाहारगृहांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. तेथील दर वाचून आम्ही विटांवरच बसलो. पाहतो तो निम्मे गाव तसेच बसलेले! उतारामुळे पाय आपोआप लांब होतात. कोणी कोणाला उठवीत नव्हते.

ते नऊ भाग ‘नऊजणां’च्या नावचे. १२८७ ते १३५५ या काळात या नगरीचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाही. मंडळाची मुदत अवघी दोन महिने. तेवढे दिवस त्यांनी नगरभवनातच राहावयाचे. याच राजवटीने १२९७ मध्ये नगरभवनाचे काम काढले आणि चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्याही त्याच्यासारख्याच स्तंभयुक्त असाव्यात असा नियम केला. शेजारचा सुमारे ८७ मीटर उंचीचा मनोरा १३३८ ते १३४८ या दहा वर्षांत उभा राहिला. आमच्यातला कारकून येथे जागा झाला: दहा वर्षे म्हणजे साठ मंडळे! दोन महिन्यांच्या त्या धन्यांनी, काम आपल्या मुदतीत पुरे होणार नाही हे पक्के ठाऊक असून, विटांवर विटा चढू दिल्या. त्यांच्या सभागृहाच्या भिंतीवर अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने सुराज्याचे नगर रंगविले आहे. त्यातही गवंडी अजून परांचीवर आहेत.

ते चित्र पाहताना आम्हांला आमच्या वसाहतीतला कडुनिंब आठवला. त्याच्याभोवती पार बांधावा, असे टिपण चार वर्षांपूर्वी आम्हीच लिहिले होते. ‘बदली तर आलीच’ म्हणून ते खणात राहिले. बदली अद्याप आलेली नाही. त्याच हिवाळ्यात गावाहून अण्णा आले. आयुष्यभर देवळापुढच्या पारावर बसलेला तो माणूस रोज सकाळी काठी टेकून निंबाखाली उन्हात उभा राही आणि थोड्या वेळाने परत येई. “इथे बसावे कुठे रे?” एवढेच एकदा म्हणाले. पंधरा दिवसांत त्यांनी परतीचे तिकीट काढावयास लावले. पुढच्या आषाढात ते गेले.

सायंकाळी आम्ही पुन्हा चौकात येऊन बसलो. मनोऱ्याच्या पांढऱ्या माथ्यावर तेवढे ऊन उरले होते. चिरंजीव उतारावरून धावत सुटत आणि पुन्हा वर येत. सौभाग्यवती बराच वेळ मुकाट्याने विटांवरून हात फिरवीत होत्या.

“अहो, अण्णा इथे दिवसभर बसले असते.”

आम्ही काही बोललो नाही. रात्री हॉटेलच्या कागदावर मोजमाप मांडले: पाराचा व्यास नऊ फूट, उंची दीड फूट, विटा तांबड्या.