माळावरचा झरा

वाचकहो, ज्याची निम्मी हयात शेताच्या बांधावर गेली, त्याने पैसे भरून रानात तंबू ठोकावा, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही आले होते. पण गेल्या सप्टेंबरात रजा काढून अमेरिकेत लेकीकडे गेलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, उंच इमारती काय बघायच्या? तुम्हाला माळावरचं तळं दाखवते." तिचे बिऱ्हाड कॅन्सस राज्यातील विचिटा शहरी आहे. तिथून मोटारीने पश्चिमेला चार तासांवर स्कॉट सिटी हे गाव आणि त्याच्या उत्तरेस लेक स्कॉट नावाचे सरकारी उद्यान.

वाटभर सपाट माळ. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-सांगोल्याच्या जवळपास. दोन्ही अंगांना ज्वारी उभी, पण बुटकी आणि तांबड्या कणसांची. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी याच राज्यात पिकते. परंतु ती जाते जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलच्या कारखान्याला. मधूनमधून मक्याची गोल शेते दिसत. चाकांवरची लांबलचक तुषार नळी घड्याळाच्या काट्यासारखी त्यात फिरत असते. पाणी कूपनलिकेचे.

मग एकाएकी दरी लागली. खाली सुमारे १०० एकरांचे तळे, काठाला झाडी. लॅडर क्रीक नावाच्या ओढ्यावर १९३०च्या सुमारास बांध घालून ते केले आहे. त्याला बारमाही पाणी देतात ते दरीतले झरे. गाडीचा परवाना आणि तंबूच्या जागेची पावती घेतली. वारा असा की तंबू पतंगासारखा उडू पाहत होता. जावयाने खुंट्या सरळ ठोकल्या होत्या. खुंटीचे डोके तंबूपासून लांब कलते ठेवायचे, हे बैल बांधणाऱ्याला शिकवावे लागत नाही. विस्तव फक्त लोखंडी कड्यातच पेटवायचा. त्यावर लेकीने भाकरी भाजल्या. ज्वारीच्या त्या मुलखात त्या रात्री ज्वारीची भाकरी खाणारे बहुधा आम्ही तिघेच!

सकाळी मोठा झरा पाहायला गेलो. नितळ, गार पाणी अखंड वाहत होते. त्यात एक चिमुकला भुंगेरा राहतो. जगात तो या ठिकाणाखेरीज कुठेच सापडत नाही. उद्यानातच दगडामातीच्या एका जुन्या घराचे अवशेष आहेत. सतराव्या शतकात स्पॅनिश राजवटीला कंटाळून न्यू मेक्सिकोतील टाओस आणि पिकुरिस इथले पुएब्लो लोक पळून आले, अपाची लोकांच्या आश्रयाने राहिले आणि झऱ्याच्या पाण्याचे पाट काढून पिके घेऊ लागले. पाणी होते म्हणून माणूस टिकला.

शेजारच्या तंबूत पंचाहत्तरीचे एक शेतकरी नातवंडांना घेऊन आले होते. त्यांचे बोलणे मला पटकन उमजेना. जावई सांगत गेले. म्हातारबा म्हणाले, "हा झरा आणि माझी कूपनलिका एकाच रांजणातलं पाणी पितात." हा रांजण म्हणजे ओगालाला नावाचा भूजलसाठा. वाळू-खडीच्या थरांतला, दक्षिण डाकोटापासून टेक्सासपर्यंत ८ राज्यांखाली पसरलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे पंप बसले आणि पश्चिम कॅन्ससच्या काही भागांत पाणी १०० फुटांहून अधिक खाली गेले. तिथे पावसाचे पाणी मुरते ते नाममात्र. उपसलेले भरून यायला कित्येक पिढ्या लागतील. म्हातारबांनी आपल्या दोन कूपनलिका बंद केल्या आहेत. त्याच राज्यात शेरिडन परगण्यातील एका भागातल्या शेतकऱ्यांनी २०१३पासून उपसा सुमारे २० टक्के कमी करण्याचे ठरवले. ५ वर्षांत मिळून ५५ इंच पाणी, त्यावर थेंब नाही. पाणी मोजून दिले, आणि त्यांची शेती काही बुडाली नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. आमच्या गावी उंबराखाली असाच एक झरा होता. आईने त्याच्याच पाण्यावर घर चालवले. २००३च्या दुष्काळात मी वडिलांच्या शेतात कूपनलिका घेतली. साडेतीनशे फुटांवर पाणी लागले, पेढे वाटले. शेतकीतल्या माणसाने घेतली म्हणताना भावकीनेही घेतल्या. चार वर्षांत आमच्या शिवारात २१ झाल्या. झरा आधी होळीला आटू लागला, मग संक्रांतीला. पुढे तर दिवाळीलाही पाणी राहीना. आई एवढेच म्हणाली, "तू तर शिकलेला होतास रे." तेव्हा मी उत्तर दिले नाही. आजही माझ्याकडे ते नाही.

वाचकहो, त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे. आपला काळा पाषाण पाणी थोडेच साठवतो, पण चांगल्या पावसाळ्यात वरचे थर पुन्हा भरतात. ही देणगी त्या माळाला नाही. म्हणून एक विनंती करतो. दिवाळीला दोरीला दगड बांधून विहिरीतले पाणी मोजा, आकडा घराच्या भिंतीवर लिहा, होळीला पुन्हा मोजा. दुसऱ्या वर्षापासून दिवाळीचा आकडा पाहूनच रब्बीला गहू किती आणि हरभरा-ज्वारी किती, हे चार शेजाऱ्यांबरोबर बसून ठरवा. हिवरे बाजारने पाण्याचा असाच जमाखर्च मांडला, म्हणून ते गाव सावरले.

परत आल्यावर मी भावकीपुढे हा विषय काढला. आमच्यासकट अकरा घरांनी मोजणी सुरू केली आहे. दहा अजून हसतात. झरा कोरडाच आहे. पण उंबर उभा आहे, आणि उंबर उभा आहे तोवर मी आशा सोडलेली नाही.