साडेसहा सेकंदांचं पान

चाकणच्या पट्ट्यात माल साठवून ठेवायची सवय कुणाला परवडत नाही. निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या पुरवठादारांकडून निघालेले भाग ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या बिनमधून थेट मोठ्या कंपनीच्या लाइनवर जातात. त्यात तळेगाव चौकातली कोंडी कधी किती वेळ खाईल याचा नेम नसतो. मग डिस्पॅचवाल्याच्या हातात उरतो तो फक्त फाटकाच्या आतला वेळ.

मी चिंचवडमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. अशाच एका पुरवठादाराचं डिस्पॅचचं वेबपान दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं. तिथल्या डिस्पॅचच्या काकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “मॅडम, गाडी बदलली की पान परत उघडायचं. ड्रायव्हर खिडकीशी उभा, मागे दुसरी आयशर हॉर्न देतेय, आणि मी स्क्रीनवरचं गोल चाक बघत बसतो.”

सर्व्हर मोठा घ्यावा लागेल, असं कारखान्यात बहुतेकांचं मत झालं होतं. मी मोजून पाहिलं, तर पान तयार होत असताना सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. सगळा वेळ उत्तरांची वाट बघण्यात जात होता. पानाला माहिती लागायची ती अशी: ग्राहक कंपनीच्या जर्मनीतल्या सर्व्हरवरचं शेड्यूल, 1.4 सेकंद. आपल्या गोदामातला साठा, 0.5. तपासणीचा अहवाल, 0.8. रिकाम्या बिनांचा हिशेब, 0.7. जीपीएसवरून गाडीचा ठावठिकाणा, 1.6. इनव्हॉइसची नोंद, 0.6. आणि ई-वे बिलाची स्थिती, 1.0. कोडमध्ये या सात मागण्या एकाखाली एक लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचं उत्तर आल्याशिवाय सुरूच होत नव्हती. बेरीज 6.6 सेकंद.

यातला काही वेळ कुणालाच कमी करता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते जर्मनीतलं फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच 65 मिलिसेकंद. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पट धरून चालावं. त्यात दर मागणीला नवं कनेक्शन उघडलं, तर सुरक्षित जोडणी जुळवण्यातच अशा दोन-तीन फेऱ्या जातात. म्हणून पहिल्यांदा कनेक्शन उघडं ठेवून तेच पुन्हा वापरायची सोय केली.

खरा फायदा मात्र मागण्या एकदम सोडण्यात होता. साठ्याला शेड्यूलची गरज नाही, बिनांना जीपीएसची नाही. अवलंबून असलेली जोडी एकच: ई-वे बिलाचा क्रमांक इनव्हॉइसच्या नोंदीत असतो, म्हणून इनव्हॉइस आधी, ई-वे बिल नंतर. इथे बरेच जण दोन टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात सहा मागण्या एकत्र, त्या सगळ्या आल्या की दुसऱ्यात ई-वे बिल. दिसायला नीटनेटकं, पण त्यात ई-वे बिल विनाकारण जीपीएससाठी खोळंबतं आणि पान 2.6 सेकंदांवर अडतं. इनव्हॉइस येताक्षणी त्याची पुढची मागणी सोडली, तर ती साखळी 0.6 अधिक 1.0 अशी 1.6 सेकंदांत संपते, म्हणजे जीपीएसच्या बरोबरीनेच.

हे मी कागदावर रेघा ओढून दाखवत होते, तेव्हा तिथले मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, “हा तर आमचा दिवाळीच्या शटडाउनचा तक्ता आहे.” ते अगदी बरोबर बोलले. ड्युपाँ कंपनीत 1957च्या सुमाराला कारखान्यांची उभारणी आणि देखभाल यांसाठी जी क्रिटिकल पाथ पद्धत बसवली गेली, तिचा हिशेब हाच: एकूण वेळ सगळ्यात लांब साखळीएवढा, बाकीची कामं तिच्या पोटात बसतात. वेब प्रोग्रामिंग शिकवताना हा तक्ता आधी शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

पान पावणेदोन सेकंदांवर आलं. पण समांतर मागण्यांची स्वतःची दुखणी असतात. जावास्क्रिप्टमधलं ‘प्रॉमिस.ऑल’ एक मागणी फसली की सगळंच फसल्याचं कळवतं. जीपीएस बंद पडलं म्हणून शेड्यूल दिसू नये, हे काकांना कसं चालेल? म्हणून 2020च्या आवृत्तीत आलेलं ‘ऑलसेटल्ड’ वापरलं. जीपीएसला दोन सेकंदांची मुदत घातली. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर गाडीची शेवटची नोंद तिच्या वेळेसकट दिसते. वेळ लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर मोशीत असलेली गाडी दारात आहे असं समजून माणसं माल बाहेर काढतील.

दुसरी काळजी समोरच्या सर्व्हरची. काही गाड्यांत पन्नास-साठ प्रकारचे भाग असतात आणि शेड्यूल प्रत्येक भागाचं वेगळं मागावं लागतं. तेवढ्या मागण्या एका क्षणात आदळल्या तर कुठलंही शहाणं पोर्टल 429 हा आकडा पाठवून दार बंद करतं. ग्राहकाने मर्यादा लेखी दिली होती. त्यामुळे एका वेळी सहाच मागण्या जातात, एक परतली की पुढची निघते. अशा भरगच्च गाड्यांना पान अजूनही जास्त वेळ घेतं, आणि ते मला खटकतं.

त्यावर उपाय काकांनीच सुचवला. गाडी आत येताना सिक्युरिटीवाला तिचा नंबर टाकतोच. कुठल्या गाडीत कुठले भाग जायचे हे आदल्या शिफ्टला ठरलेलं असतं. मग शेड्यूलच्या मागण्या फाटकापाशीच सोडायला काय हरकत आहे? गाडी वजनकाट्यावरून खिडकीशी पोचेपर्यंत उत्तरं सर्व्हरवर आलेली असतील. सध्या तेच काम चालू आहे. शेड्यूल मधल्या मिनिटांत बदललं तर काय, एवढा प्रश्न सोडवायचा राहिला आहे.