चाळिशीची काच

"सर, काचेची भिंगं आता कोणी घेत नाही," अडाणी विद्यार्थ्याला समजवावे तसे चष्मेवाल्याने मला समजावले. "प्लास्टिकची घ्या. हलकी असतात, पडली तरी फुटत नाहीत."

वय चाळिशी उलटून पाच वर्षे पुढे गेले, तरी नाकावर चाळिशी चढवायची नाही असा माझा हट्ट होता. पुस्तक लांब धरून वाचणे हे विद्वत्तेचे लक्षण आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती. पण हळूहळू हात अपुरे पडू लागले. एके दिवशी भर वर्गात मी 'धना'चे 'घन' वाचले, आणि मागच्या बाकावरून जे हसू फुटले त्याने माझी ही समजूत कायमची मोडली. मराठीच्या प्राध्यापकाला 'ध' आणि 'घ' यांतला फरक दिसेनासा झाला, की त्याने निमूटपणे चष्मेवाल्याकडे जावे हे बरे.

मात्र चष्मेवाल्याचे मी ऐकले नाही. काचेचीच भिंगे घेतली. प्लास्टिकच्या डोळ्यांनी ज्ञानेश्वरी कशी वाचायची, असा काहीतरी भाबडा विचार त्यामागे होता. शनिवारी ती नवी चाळिशी मिरवीत मी मुरब्याला आईकडे गेलो.

आईने मला न्याहाळले आणि पहिले वाक्य काढले, "काचेचं हाय ना? सांभाळ. फुटंल."

आमच्या भाषेचाही काचेवर फारसा विश्वास नाही. मन काचेसारखे म्हणजे धक्का लागताच तडा जाणारे. हातातली बांगडी फुटली असे बाई म्हणत नाही; ती 'वाढवली' म्हणते, कारण फुटणे हा शब्दच तिला अशुभ वाटतो. पण आईच्या बोलण्यामागे भाषा नव्हती. १९८९ च्या हंगामात बाबा दर्यावर गेले ते परत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, बाबा सापडले नाहीत. महिनाभर आईने कोणाला आपल्या मनगटाला हात लावू दिला नाही. मग एका सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या बायका तिला घेऊन बसल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आतल्या खोलीतून आलेला तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. काच फुटण्याचा आवाज फार लहान असतो.

त्या शनिवारी घरात आणखी एक बोलणे चालू होते, आणि माझ्या चाळिशीपेक्षा ते पुष्कळच महत्त्वाचे होते. माझ्या बहिणीच्या मुलाला तारापूरला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचे होते, आणि आजी दोन दिवस नातवाशी बोलत नव्हती.

मुरब्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की दक्षिणेला खाडीपलीकडे सातपाटी. उत्तरेला आलेवाडी, नांदगाव, नवापूर अशी गावे ओलांडत नजर गेली की रात्री तारापूरचे दिवे. तिथे १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार होऊ लागली. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. आमच्या किनाऱ्यावर त्या दिव्यांकडे कोणी कौतुकाने पाहतो, कोणी धास्तीने. पण न पाहता कोणी राहत नाही. आईला पोराच्या नोकरीचे वावडे नव्हते. तिला वावडे होते त्या कामाचे. अणुभट्टीत जळून गेलेल्या इंधनातून उपयोगाचा भाग काढून घेतल्यावर जे जहाल द्रव उरते, त्याची काच करण्याच्या कामावर त्याची नेमणूक होती.

"इतकं विष," आई म्हणाली, "आनि ते काचेत घालून ठेवनार?"

एम. ए. झालेल्या माणसाला गप्प बसणे अवघड जाते. मी म्हणालो, "अगं, बाटलीत घट्ट बंद करून ठेवत असतील."

भाचा हसला. "मामा, बाटलीत भरत नाहीत. त्याचीच काच करतात." आणि मग आजीजवळ सरकून त्याने विचारले, "आजी, बांगडी हिरवी कशी होते गं?"

"रंग देतात."

"वरून?"

आई तुच्छतेने म्हणाली, "वरून दिला तर मासळी धुताना निघून नाय जानार? आतच असतो तो."

"तसंच हे," भाचा म्हणाला.

त्या संध्याकाळी ओटीवर बसून त्याने आम्हाला जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. वाळू आणि सोडा एकत्र वितळवले की काचेचा रस होतो. त्यात तांब्याचा किंवा क्रोमियमचा अंश पडला तर हिरवा रंग येतो, कोबाल्टचा पडला तर निळा. तो धातू काचेवर बसत नाही. काचेच्या कणाकणांत गुंतून तिचाच एक भाग होतो. तारापूरच्या त्या द्रवात अशी कितीतरी मूलद्रव्ये असतात. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ही त्यांतली विशेष जहाल. हे द्रव काचेच्या मसाल्याबरोबर साडेनऊशे ते हजार अंशांपर्यंत तापवतात. पाणी उडून जाते आणि बाकीचे सारे रसात विरघळते. तो रस पोलादी डब्यांत ओततात आणि निववतात. डब्यात मग विष आणि काच अशा दोन वस्तू उरत नाहीत, एकच उरते.

"पण काचच का?" मी विचारले. "पोलाद का नाही, दगड का नाही?"

याचे त्याने दिलेले उत्तर मला फार आवडले. साखरेचा खडा म्हणजे पाट मांडून बसवलेली पंगत. प्रत्येकाची जागा ठरलेली, आगंतुकाला पाट नाही. काच म्हणजे रस निवता निवता जिथल्या तिथे थबकलेली जत्रा. रांग नाही, पाट नाही. म्हणून लहानमोठ्या, नाना जातींच्या कणांना तिच्यात जागा मिळते.

पण जत्रेलाही मर्यादा असतेच. ट्रॉम्बेच्या द्रवात गंधकाची संयुगे होती. नेहमीची काच त्यांना पोटात घेईना. रसावर त्यांचा पिवळा थर वेगळा तरंगू लागला. तो थर पाण्यात विरघळणारा, म्हणजे सारा खटाटोप व्यर्थ. तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी काचेचा मसाला बदलला, त्यात बेरियम घातले, आणि गंधक मुकाट्याने आत जाऊन बसला. ज्या जातीचे विष, त्या जातीची काच शोधावी लागते. तारापूरला देशातला असा पहिला कारखाना १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला, तेव्हापासून ही पाकसिद्धी चालू आहे.

या मसाल्यात बोरॉन असतो हे ऐकले आणि माझी कळी खुलली, कारण बोरॉनशी आमच्या घराण्याची जुनी ओळख निघाली असती. आजोबांकडे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. पावसाचा थेंब तापल्या चिमणीवर पडला की ती तडकायची, आणि आजोबांची शिवी पावसाला आणि चिमणीला समान वाटली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉट यांनी काचेत बोरॉन मिसळून पाहिला. ती काच तापल्यावर फारशी फुगत नव्हती, म्हणून सहसा तडकतही नव्हती. प्रयोगशाळेतल्या चंबूंचे आणि चिमण्यांचे भाग्य त्या एका मिश्रणाने पालटले. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करीत पैसाफंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. मराठी माणसाने एकेका पैशाने काच उभी केली, हे मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "आपल्या चिमण्या तर फुटायच्याच."

मग भाच्याने मला खिजवले. "मामा, तुझी चाळिशी काय घेऊन बसलास? मी ज्या काचेतून बघणार ती हातभरापेक्षा जाड आहे." भट्टीच्या खोलीत माणूस पाऊल टाकू शकत नाही. बाहेर उभे राहून यांत्रिक हातांनी आतले काम करायचे आणि खिडकीतून पाहायचे. त्या खिडकीच्या काचेत शिसे असते. दुर्बिणीच्या भिंगात शिसे घालीत ते प्रकाश अधिक वळावा म्हणून. इथे तेच शिसे घातक किरणांना अडवते. साधी काच किरणांच्या माऱ्याने तपकिरी होऊन आंधळी होते, म्हणून तिच्यात सिरियमही घालतात. भिंगांची शुद्ध काच करण्याची विद्या एके काळी मोजकी राष्ट्रे जपून ठेवीत. १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली ती इथेच साधली. काचेला वाळू एकच, पण काय मिसळाल त्याप्रमाणे ती कंकण होते, कंदील होते, डोळा होते किंवा तुरुंग होते.

आईने हे सारे ऐकून घेतले आणि आपला मूळ प्रश्न पुन्हा पुढे ठेवला.

"समदं खरं. पन फुटली तर?"

मला वाटले, पोरगा आता म्हणेल, 'नाही गं आजी, ती फुटतच नाही.' तो तसे म्हणाला असता तर आईने त्याला सोमवारी उंबरा ओलांडू दिला नसता. तो जरा थांबून म्हणाला, "फुटते आजी. डब्यात निवताना तिला तडे जातात. कमी जावेत म्हणून हळूहळू निववतात, पण जातात."

आई त्याच्याकडे पाहत राहिली.

"पण तडा गेला म्हणून आतलं बाहेर सांडत नाही," तो म्हणाला. "तुकडा झाला तरी प्रत्येक तुकडा आपल्यातलं धरून ठेवतो. पाण्याशी गाठ पडली तर फार सावकाश, अगदी कणाकणाने झिजतो. म्हणून त्याला पाण्यापासून लांब ठेवायचं."

ते डबे आधी काही दशके तारापूरलाच हवेशीर तळघरात ठेवतात. काच स्वतःच्या उष्णतेने तापलेली असते. उंच चिमणीच्या ओढीने वाहणारा वारा, पंख्याशिवाय, तिला थंड ठेवतो. पुढे तिला जमिनीच्या पोटात खोल, भक्कम खडकात ठेवावे असा जगभरच्या जाणकारांचा विचार आहे. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचा जोर दर तीस वर्षांनी सुमारे निम्मा होतो. तीनशे वर्षांनी तो हजारात एक हिस्सा उरतो. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे तेवढा काळ आपण मोजू शकतो. पण त्या काचेतले काही घटक हजारो वर्षे टिकणारे आहेत, आणि तिथे माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा मानतात. मराठीचा तो इतका जुना लेख, पण त्याच्या काळाबद्दल पंडितांचे आजही एकमत नाही. सातशे वर्षांपूर्वीची ज्ञानेश्वरी मी टिपा देऊन शिकवतो. मग 'इथे खणू नका' हे पाच हजार वर्षांनंतरच्या माणसाला कोणत्या भाषेत सांगायचे? काच तोवर टिकेलही. तिच्यावरची पाटी वाचणारा कोण असेल? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला. भाच्याकडे उत्तर नव्हते. त्याने ते असल्याचा आव आणला नाही, हे मला बरे वाटले.

आई उठून आत गेली. ट्रंकेचे झाकण वाजले. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर चिंध्यांची लहानशी पुरचुंडी होती. तिने ती सोडली. आत बांगडीचा एक तुकडा होता, पेराएवढा, हिरवा. छत्तीस वर्षांत तो तिने मला कधी दाखवला नव्हता.

तिने तो दिव्याखाली धरला, अंगठ्याने चोळला. "रंग नाय गेला," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळले नाही. मी चाळिशी काढून उगाच पुसत बसलो.

बऱ्याच वेळाने तिने तुकडा पुन्हा बांधला आणि नातवाकडे वळली. "जा सोमवारी. पन एक ऐक. काच खोटं बोलनार नाय, मानसं बोलतात. तिथं काय बिघडलं आनि कोन म्हनाला गप ऱ्हा, तर तू गप ऱ्हायचं नाय. एवढं जमत आसंल तर जा."

"जमेल," तो म्हणाला.

काचेचा मसाला ठरवणारे शास्त्रज्ञ थोर खरेच, पण त्या मसाल्यात न लिहिलेला एक घटक आईने त्या रात्री घातला, आणि तो नसेल तर उरलेल्यांचा फारसा उपयोग नाही असे मला वाटते.

पोरगा आता नियमाने कामावर जातो. दर शनिवारी आजी त्याला समोर बसवून आठवडाभराचा हिशेब विचारते. त्या भट्टीवर अनेक अधिकाऱ्यांची देखरेख असेल. मुरब्याच्या या निरक्षर बाईचीही आहे.

माझी चाळिशी मध्यंतरी टेबलावरून पडली. डाव्या भिंगाला कडेला बारीकशी चीर गेली. चष्मेवाला म्हणाला, "सांगितलं होतं ना सर!" मी भिंग बदललेले नाही. 'ध' आणि 'घ' यांतला फरक अजून स्वच्छ दिसतो.