चार अक्षरं

मंडळी, एक प्रयोग करा. बाराखडीतले काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे काढून टाका आणि नुसतं 'मल' लिहा. आता वाचा बरं! मला? मूल? मुली? माल? की मेला?

प्राचीन हिब्रू साधारण अशीच लिहायचे. व्यंजनं लिहायची, स्वर वाचणाऱ्यानं घालायचे. मिनी-प्रोजेक्टमध्ये उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी स्क्रीनवर नीट उमटवायची होती (भाषा निवडली पार्टनरनं, डीबगिंग माझ्या गळ्यात), तेव्हा या भाषेशी ओळख झाली. नमुन्याच्या मजकुरात चार अक्षरं सारखी भेटत होती. योद, हे, वाव, हे. हिब्रू बायबलमधलं देवाचं नाव. तिथे ते सुमारे ६,८०० वेळा येतं आणि त्याचा मूळ उच्चार आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही!

कारण ज्यू लोकांनी आदरापोटी ते उच्चारणंच सोडलं. जेरुसलेमचं मंदिर होतं तोवर मुख्य याजक प्रायश्चित्ताच्या दिवशी ते घेत असे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. ग्रंथ वाचताना ते नाव आलं की 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', म्हणायचं. एरवी नुसतं 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. पुढे पंडितांनी मजकुराला स्वरचिन्हं दिली तेव्हा या चार व्यंजनांना 'अदोनाय'चे स्वर लावले, वाचणाऱ्याला आठवण म्हणून. युरोपात लोकांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि 'जेहोवा' तयार झालं. डेटा एकाचा, फॉरमॅट दुसऱ्याचा! अभ्यासक आता 'याह्वे'च्या जवळपासचा उच्चार धरतात.

मला आजी आठवली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं आजोबांचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नाही. कायम 'हे'. (चार अक्षरांत दोन 'हे' आहेत, हे तिला पटेल!) मी सेकंड इयरला असताना आजोबा गेले. पेन्शनच्या कामासाठी तिला बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मयताचं नाव?" आजी माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मीच सांगितलं. बाईंनी लिहिलेल्या नावावर बोट ठेवून आजी म्हणाली, "हेच."

आता अर्थ. निर्गमाच्या पुस्तकात, पेटूनही जळून न जाणाऱ्या झुडपापाशी मोशे देवाला नाव विचारतो. मिसरातल्या गुलामांना सोडवायला निघायचंय, लोक विचारणारच, पाठवलं कोणी? उत्तरात नाम नाहीच, क्रियापद आहे: 'एह्ये'. तेही दोनदा, मध्ये 'जो'सारखा एक जोडशब्द. भाषांतर बहुधा 'मी आहे' असं करतात. पण त्या हिब्रूत नुसत्या 'आहे'साठी क्रियापद लागतच नाही. आपणही 'मी मेकॅनिकलचा' म्हणतोच की. शिवाय हे रूप पूर्ण न झालेल्या क्रियेचं. म्हणून 'मी असेन' असंही वाचता येतं. चार अक्षरी नाव याच धातूचं 'तो'चं रूप असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

मला 'असेन' जास्त पटतं. थोडंसंच आधी मोशे कच खातो, मी कोण जाणार म्हणतो. तेव्हा देव त्याच्यासोबत असण्याचा शब्द देतो, आणि तिथेही 'एह्ये'च आहे. घाबरलेल्या माणसाला व्याख्या काय करायची?

आजोबांबद्दल घरात आम्ही सगळे आता 'होते' म्हणतो. आजी मात्र परवासुद्धा चहा गाळताना म्हणाली, "ह्यांना साखर कमी लागते." कुणी तिला दुरुस्त केलं नाही.