ग्रीन बे येथील एक वाद

शिकागोहून मिशिगन सरोवराच्या काठाने उत्तरेस सुमारे २०० मैल गेले, म्हणजे फॉक्स नदीच्या मुखाशी ग्रीन बे हे गाव लागते. २०२० च्या शिरगणतीत येथील वस्ती १ लक्ष ७ हजारांच्या आसपास भरली; परंतु गावच्या क्रीडांगणात ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात! १९१९ साली स्थापन झालेला 'पॅकर्स' हा फुटबॉल-संघ कोणा एका धनिकाचा नसून पाच लक्षांहून अधिक भागधारकांचा आहे. या भागांवर नफ्याची कवडीही मिळत नाही. तरी ज्याच्या दिवाणखान्यात भागपत्र टांगलेले आहे तो स्वतःस मालक समजतो, आणि मालकाप्रमाणेच वाद घालतो. असा एक वाद २०२५ साली हिवाळ्याच्या तोंडी आम्हांस ऐकावयास मिळाला.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही एका खाणावळीत न्याहारीस बसलो होतो. शेजारच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ व त्यांचे जावई बसले होते. विषय होता, केनी क्लार्क खरोखरच मोठा खेळाडू होता काय?

येथे थोडा खुलासा करावयास हवा. अमेरिकन फुटबॉलात चेंडू हाती घेऊन पळतात किंवा फेकतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. बचाव करणाऱ्या फळीत मधोमध तीनशे पौंडांहून जड असा एक गडी असतो. प्रतिपक्षाच्या दोघांना एकट्याने थोपवून धरणे हे त्याचे मुख्य काम. चेंडू फेकणाऱ्यास फेकण्यापूर्वीच लोळविले, तर तो एक 'सॅक'. दोघांनी मिळून लोळविल्यास प्रत्येकाच्या खाती अर्धा. १९८२ पासून सॅकची अधिकृत नोंद ठेवली जाते. थोपवून धरण्यास मात्र अधिकृत आकड्यांत रकानाच नाही.

क्लार्क २०१६ साली येथे आला. २०२३ मध्ये त्याच्या खाती साडेसात सॅक होते, २०२४ मध्ये अवघा एक. ऑगस्ट २०२५ मध्ये संघाने त्याला डल्लासला दिले, वर नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीचे दोन हक्कही दिले, आणि मायका पार्सन्स हा नामांकित गडी आणला.

"सतरा सामन्यांत एक सॅक!" जावई म्हणाले. "याहून काय सांगावयाचे?"

"पहिल्याच सामन्यात त्याचा पाय दुखावला," वृद्ध उत्तरले. "तरी सतराही सामने खेळला, आणि शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर करून घेतली. हे कोणत्या रकान्यात मांडाल?"

"धैर्य मान्य. पण दुखऱ्या पायाने दोघे थोपतात का?"

यावर वृद्धांनी जुना दाखला काढला. जानेवारी १९९७ च्या अंतिम सामन्यात रेगी व्हाइट यांनी एकट्याने तीन सॅक केले. पुढे २००५ साली त्यांचा ९२ हा अंक संघाने कायमचा राखून ठेवला. त्याच फळीत मधोमध गिल्बर्ट ब्राउन असत. येथील दहा हंगामांत त्यांच्या खाती दहासुद्धा सॅक नाहीत.

"शेजारी व्हाइट होते म्हणून ब्राउन मोठे दिसले," जावई म्हणाले.

"ब्राउन दोघांना अडवून धरीत म्हणून व्हाइट मोकळे होते, असे का नव्हे?"

जावई निरुत्तर झाले नाहीत; पण काफी मात्र निवून गेली. उठताना वृद्ध आम्हांस म्हणाले, "तुम्ही परके, म्हणून सांगतो. आज थोडा वेळ चेंडूकडे पाहूच नका. मधल्या गड्याकडे पाहा."

आम्ही तसेच केले. दोन धिप्पाड गडी मधल्या गड्यावर आदळले. तो वाकला, पण जागचा हलला नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्यास वाट मिळेना; तो बाजूस वळला, तोच दुसऱ्या कोणी त्यास लोळविले. हजारो कंठांतून त्या दुसऱ्याचे नाव घुमले. मधला गडी उठला, त्याने हातावरचे गवत झटकले, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन वाकला.

आमच्याकडील मंगलकार्यात पंगतीत तूप वाढणाराची वाहवा होते. चुलीपाशी पहाटेपासून बसलेल्यांची आठवण कोणास होत नाही. हे आम्ही वृद्धांस सांगितले असते, तर ते खचित संतोषले असते. पण जावयांनी विचारले असते, "तीच चूल दुसऱ्या कोणाला सांभाळता आली नसती काय?" या प्रश्नाचे उत्तर शोधीतच आम्ही गाव सोडले.