कॅसेटवरचा हळदीचा ठसा

आमच्या कपाटात एक जुनी कॅसेट आहे. ती वाजवायला घरात आता टेप उरलेला नाही, तरी मी ती कुणाला टाकू देत नाही. तिच्या कागदावर हळदीनं माखलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. हळदीचा रंग उन्हात उडून जातो; हा कपाटाच्या अंधारात राहिला म्हणून टिकला. अंगठा माझ्या चुलत्याचा आणि कॅसेट आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ची.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी, माझ्या लहानपणी, आम्ही परभणी जिल्ह्यातले. फाल्गुन-चैत्रात शिवारात हळद शिजायची. कढईत कंद, वर ओलं गोणपाट, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. काडी टोचून बघायची, सहज आत गेली की हळद शिजली. रात्रभर हे चालायचं. झोप लागू नये म्हणून चुलता बांधावर टेप आणून ठेवायचा. शेल उतरले की गायकाचा आवाज जड व्हायचा, मग शेल काढून जाळाजवळ शेकायचे. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. मध्यरात्री कुणीतरी म्हणायचं, ‘लाव रे पोपट!’ आणि दिवसभर कुदळ मारून आंबलेली माणसं कढईभोवती नाचायला लागायची. पिवळे हात, पिवळे पाय. त्या गाण्यानं किती रात्री हलक्या केल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

वडिलांना मात्र ते गाणं चालत नसे. पहाटे ते आपली कॅसेट लावत: प्रल्हाद शिंदे यांचं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’. संत नामदेवांचं नर्सी आमच्या भागातलंच, त्यामुळे पंढरीची ओढ घरोघरी. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही पोरांनी पोपटावर नाच बसवला होता. ‘असली गाणी इथं नकोत’ म्हणून तो आदल्या दिवशी रद्द झाला. शिवलेले हिरवे कपडे घडी करून ठेवताना मी रडलो होतो. पहाटेच्या कॅसेटमधला आवाज बापाचा आणि रात्रीच्या कॅसेटमधला त्याच्या लेकाचा, हे तेव्हा ना मला ठाऊक होतं, ना वडिलांना.

पुढे शिकायला हिंगोलीत आलो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भोंग्यावर भीमगीत चालू होतं. आवाज कानाला लगेच ओळखू आला. शेजारच्या मित्राला म्हटलं, ‘हे तर पोपटवाले ना?’ तो चालता चालता थांबला. म्हणाला, ‘तुझ्यासाठी पोपटवाले. आमच्या घरी ते आनंददादा.’ त्याच्या घरी आनंद-मिलिंद या भावांच्या कॅसेटींची चळत होती. भीमगीतं, लोकगीतं, विठ्ठलाची गाणी. त्या घरात बाबासाहेब पुस्तकांइतकेच या गाण्यांतून पोचले होते. ज्या गायकाला मी एका पक्ष्यापुरता ओळखत होतो, त्याच्या गाण्यावर एका अख्ख्या समाजाची दिवाळी-दसऱ्याहून मोठी रात्र उभी होती. त्या दिवशी मला माझ्या कानांची लाज वाटली.

२३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. बातमी ऐकून वडील बराच वेळ गप्प होते. मी त्यांना सांगितलं की पोपटाचं गाणं म्हणणारा हा प्रल्हाद शिंदे यांचाच मुलगा. वडील म्हणाले, ‘काढ ती कॅसेट.’ त्यांनी गाणं पहिल्यांदा पुरतं ऐकलं. मोकळ्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवणारा तो चढा, भरीव सूर. ओळ संपत आली तरी न ढळणारा. ऐकून म्हणाले, ‘दम बापाचाच हाय लेकात.’

एकाच गाण्यावरून ओळखलं जाणं इतरांच्याही वाट्याला येतं. स्पेनचे अंतोनिओ रोमेरो आणि राफाएल रुइझ तीस वर्षं गात होते. १९९६ मध्ये त्यांचं ‘मॅकारेना’ अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि जगानं त्यांना तेवढ्यावरच ओळखलं. आनंद शिंदे पोपटापाशी थांबले नाहीत. वैशाली सामंत यांच्याबरोबर ‘जत्रा’ चित्रपटातलं ‘कोंबडी पळाली’ गायले. पुढे मुलगा आदर्श याच्यासोबत २०१६च्या ‘पोश्टर गर्ल’मध्ये ‘आवाज वाढव डीजे’ म्हणाले. माझ्या मुलीच्या पिढीनं वरातीत नाचताना ऐकलेला आवाज हाच.

एक गाणं डोक्यावर घेतलं, यात वाईट काही नाही. कढईभोवतीच्या त्या रात्री मी कधीच नाकारणार नाही. पण ‘एका गाण्याचा गायक’ असं आपण म्हणतो, तेव्हा उणेपण गायकाचं नसतं. आपण दुसरी बाजू लावलेलीच नसते.

म्हणून एवढंच मागणं आहे. पुढच्या कार्यक्रमात पोपटाची फर्माईश जरूर करा, मनसोक्त नाचा. मग घरी निघू नका. एक भीमगीत मागा, एक विठ्ठलाचं मागा, आणि ते संपेपर्यंत बसून ऐका.